ड्यूझेनबर्ग : एका मोटारीचा जीर्णोद्धार

इसवी सन २००७ च्या ऑगस्टांत कॅलिफोर्नियांतील पेबल बीच येथें जुन्या मोटारींचें जें वार्षिक प्रदर्शन भरलें, त्यांत सर्वोत्कृष्ट गाडीचा मान 'मॉर्मन मीटिअर' नांवाच्या एका उघड्या, लांबट, ड्यूझेनबर्ग गाडीस मिळाला. ह्या गाडीचें चरित्र मोठें विचित्र आहे. १९३५ सालीं ॲब जेन्किन्स ह्या गृहस्थानें युटा प्रांतांतील बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर ती चोवीस तास पळविली आणि ताशीं सरासरी १३५ मैलांहून अधिक वेग राखून उच्चांक प्रस्थापित केला. पुढच्याच वर्षीं तिचें मूळचें इंजिन काढून तिच्या पोटांत विमानाचें इंजिन बसविण्यांत आलें. तें काम संपल्यावर मूळचें इंजिन तिला परत मिळालें. शर्यतीची गाडी रस्त्यावर हिंडण्याजोगी करण्यांत आली. आणि जेन्किन्स, जो पुढें सॉल्ट लेक सिटीचा नगराध्यक्ष झाला, ती घेऊन खुशाल फिरूं लागला. म्हणजे एकाच गाडीचे तीन जन्म झाले. जीर्णोद्धार करणारांनीं त्या तिहींतून पहिला निवडला आणि १९३५ च्या उन्हाळ्यांत ती मिठाच्या मैदानावर जशी उभी होती तशी ती पुनः उभी केली.

निवड योग्य झाली कीं नाहीं, ह्याचा निकाल देण्याची आम्हांस घाई नाहीं. परंतु निवड करावी लागली, हीच गोष्ट आमच्या मतें विचार करण्याजोगी आहे. जीर्णोद्धार म्हणजे जुनें होतें तसें करणें, असें आपण सहज बोलून जातों; पण 'होतें तसें' म्हणजे केव्हां होतें तसें? इतिहासाच्या अभ्यासकास हा प्रश्न शिलालेखापाशीं पडतो, हस्तलिखितापाशीं पडतो आणि देवळापाशीं तर पडतोच पडतो. तो मोटारीपाशीं पडावा ह्यांत हंसण्यासारखें कांहीं नाहीं. किंबहुना मोटार ही अलीकडची वस्तु, तिचे कागद शिल्लक, तिच्या इंजिनावर नंबर कोरलेला; तेव्हां प्रश्न तेथें अधिक स्वच्छ दिसतो.

ज्या कारखान्यांत ही गाडी झाली त्याची हकीकत प्रथम सांगितली पाहिजे. फ्रेडरिक व ऑगस्ट ड्यूझेनबर्ग हे दोघे भाऊ जर्मनींतील लिप्पे संस्थानांत जन्मले, थोरला १८७६ सालीं व धाकटा १८७९ सालीं. लहानपणींच ते अमेरिकेंत आले आणि आयोवा प्रांतांतील शेतकऱ्यांच्या वस्तींत वाढले. थोरल्याला, म्हणजे फ्रेडला, चाकांचें वेड. तो सायकली बनवी आणि स्वतःच त्यांवर बसून शर्यती मारी. पुढें डे मॉइन शहरांतील मेसन नांवाच्या एका वकिलानें भांडवल पुरविलें, तेव्हां १९०६ मध्यें फ्रेडनें आंखलेली पहिली मोटार 'मेसन' ह्या नांवानें बाजारांत आली. भांडवल ज्याचें नांव त्याचें, हा व्यवहार फ्रेडच्या नशिबीं अखेरपर्यंत थोड्याफार फरकानें राहिला. अंगीं विलक्षण कारागिरी आणि हिशेबाच्या वहीशीं कायमचें वांकडें, अशा माणसांच्या जातींतला तो होता. पहिल्या महायुद्धांत दोघे भाऊ न्यू जर्सीमध्यें विमानांचीं इंजिनें करीत होते. युद्ध संपलें तेव्हां त्यांनीं इंडियानापोलिस हें गांव धरलें. मोटारींच्या पांचशें मैलांच्या शर्यतीचा जगप्रसिद्ध आखाडा त्याच गांवांत आहे, हें वाचकांस ठाऊक असेलच.

१९२१ च्या जुलै महिन्यांत फ्रान्सांतील ल मान येथें ग्रां प्री शर्यत झाली. महायुद्धामुळें ती सात वर्षें बंद होती. अमेरिकेहून ड्यूझेनबर्ग गाड्या तेथें उतरल्या, तेव्हां फ्रेंच प्रेक्षकांनीं त्यांजकडे पाहुणे म्हणून पाहिलें, प्रतिस्पर्धी म्हणून नव्हे. जिमी मर्फी हा तरुण चालक सरावांतच अपघात होऊन जायबंदी झाला होता. छातीला पट्टे आवळून तो गाडींत बसला. रस्ता इतका उखडला होता कीं पुढच्या गाडीच्या चाकांखालचे दगड मागच्या गाडीवर गोळ्यांसारखे येत. अशा रस्त्यावर वेगापेक्षां थांबण्याला अधिक महत्त्व येतें, आणि ड्यूझेनबर्गच्या चारही चाकांना द्रवाच्या दाबावर चालणारे ब्रेक होते. वळणापाशीं इतर चालक आधींच वेग कमी करीत. मर्फी अगदीं वळण येईतों गाडी दामटी. तो पहिला आला. अमेरिकन गाडीनें युरोपची ग्रां प्री जिंकण्याचा हा पहिला प्रसंग, आणि दुसरा यावयास १९६७ साल उजाडावें लागलें.

एवढ्या यशानंतर कारखान्याची भरभराट व्हावी, असें कोणासही वाटेल. तसें झालें नाहीं. फ्रेडनें सर्वसामान्य रस्त्यासाठीं जी गाडी काढली तिच्यांत एका ओळींतले आठ सिलिंडर होते आणि शर्यतीच्या गाडीप्रमाणेंच चार चाकांचे ब्रेक होते. अमेरिकेंत विक्रीच्या गाडीला ह्या दोन्ही गोष्टी नव्या होत्या. परंतु गाडी जाहीर झाल्यावर फ्रेडला वाटलें कीं इंजिनांतील झडपांची रचना आणखी चांगली करतां येईल. त्यानें ती पुनः आंखावयास घेतली, आणि गिऱ्हाइकें वर्षभर वाट पाहात बसलीं. १९२४ मध्यें कारखान्यावर रिसीव्हर आला. गंमत अशी कीं त्याच १९२४ मध्यें, पुढें १९२५ मध्यें व १९२७ मध्यें इंडियानापोलिसची पांचशें मैलांची शर्यत ड्यूझेनबर्गनेंच जिंकली. १९२५ च्या शर्यतींत पीटर डी पाओलोनें ताशीं शंभर मैलांची सरासरी प्रथमच ओलांडली. मैदानावर जयजयकार आणि पेढीवर जप्ती, असा तो प्रकार होता.

येथें ह्या कथेंत दुसऱ्या प्रकारचा माणूस येतो. एरेट लोबन कॉर्ड हा १८९४ सालीं जन्मलेला, हाडाचा विक्रेता. इंडियाना प्रांतांतच ऑबर्न नांवाचें लहानसें गांव आहे; तेथें एकार्ट घराण्याचा पूर्वीं घोडागाड्यांचा कारखाना होता आणि नव्या शतकाच्या आरंभीं त्यांतूनच ऑबर्न मोटारी निघूं लागल्या होत्या. १९२४ मध्यें कॉर्ड तेथें आला तेव्हां अंगणांत न खपलेल्या शेंकडों गाड्या पडून होत्या. त्यानें त्यांना नवा झगझगीत रंग दिला, थोडी निकेलची कलाकुसर चढविली, आणि सगळ्या विकून टाकल्या. जीर्णोद्धाराचा विचार करतांना वाचकांनीं ही हकीकत ध्यानांत ठेवावी. रंगाच्या जोरावर मालाचें नशीब पालटणें ही विद्या त्या परिसरास नवी नव्हती. १९२६ मध्यें कॉर्डनें ड्यूझेनबर्ग कारखाना विकत घेतला. फ्रेडला त्यानें जें सांगितलें त्याचा मथितार्थ एवढाच कीं, पैशाची काळजी तूं करूं नकोस, जगांत उत्तम अशी मोटार करून दे.

ती मोटार म्हणजे 'मॉडेल जे'. १ डिसेंबर १९२८ रोजीं न्यू यॉर्कच्या प्रदर्शनांत ती लोकांनीं प्रथम पाहिली. आठ सिलिंडर, प्रत्येकास चार अशा बत्तीस झडपा, त्या हालविणारे दोन कॅमशाफ्ट माथ्यावर, इंजिनाचें आकारमान जवळजवळ सात लिटर. कारखान्यानें तिची शक्ति २६५ अश्वबल सांगितली. त्या वर्षीं दुसऱ्या कोणत्याही अमेरिकन गाडीस ह्याच्या निम्मी सांगतां येत नव्हती. चालकासमोरच्या फळीवर उंची मोजणारें यंत्र होतें, सेकंद मोजणारें घड्याळ होतें. आणि इंजिनाच्या फेऱ्या मोजून, आतां तेल बदला, आतां बॅटरींतील पाणी पाहा, असें दिवे लावून सांगणारी चक्रांची एक पेटी होती. आजच्या गाडींत असला दिवा लागला तर कोणी मान वर करून पाहात नाहीं. १९२८ मध्यें तो एक चमत्कार होता.

पण कारखाना जें विकीत होता ती संपूर्ण गाडी नव्हतीच. चाकें, सांगाडा, इंजिन व पुढचें नाक एवढेंच इंडियानापोलिसहून मिळे. किंमत आरंभीं ८,५०० डॉलर, पुढें ९,५०० डॉलर. त्यावर बसावयाची बॉडी गिऱ्हाइकानें आपल्या पसंतीच्या कारागिराकडून बांधून घ्यावयाची. फोर्डची नवी गाडी त्या वेळीं पांचशें डॉलरांच्या आसपास मिळत असे, म्हणजे नुसत्या सांगाड्याच्या मोलांत फोर्डच्या सतरा-अठरा गाड्या आल्या असत्या. बॉडी बांधणारांत कॅलिफोर्नियांतील पासाडेना येथील मर्फी कंपनीचें नांव विशेष घेतात. तिची टप दुमडणारी दोन माणसांची गाडी इतकी लोकप्रिय झाली कीं ड्यूझेनबर्ग म्हटली कीं पुष्कळांच्या डोळ्यांसमोर तीच उभी राहाते. कांहीं गाड्यांत तर टप दुमडून धातूच्या झांकणाखालीं अशी नाहींशी होई कीं ह्या गाडीस टप आहे ही शंकाही येऊं नये. उन्हांपावसापासून रक्षण हा टपाचा हेतु; तो दिसूं न देणें हा खरा खर्च. श्रीमंतीचें मर्म पुष्कळदां असल्याच ठिकाणीं असतें.

कॉर्डच्या मनांतून अशा पांचशें गाड्या झपाट्यानें विकावयाच्या होत्या. गिऱ्हाइकांस गाड्या मिळूं लागल्या १९२९ च्या उन्हाळ्याच्या सुमारास, आणि त्याच वर्षीं ऑक्टोबरांत न्यू यॉर्कचा शेअरबाजार कोसळला. आठ वर्षें धडपड करूनही एकूण गाड्या ४८० च्या जवळपासच झाल्या. म्हणजे पहिला संकल्पही पुरता तडीस गेला नाहीं. उपासमारीच्या त्या वर्षांत ह्या गाडीच्या जाहिराती मात्र पाहण्यासारख्या असत. त्यांत गाडी दाखवीतच नसत. विस्तीर्ण बागेंत उभा असलेला किंवा प्रशस्त दिवाणखान्यांत बसलेला एक पुरुष, आणि खालीं एवढेंच कीं हा ड्यूझेनबर्ग चालवितो. ह्या जाहिराती आम्हांस चतुर वाटतात, पण त्यांतील निर्लज्जपणाही आम्हांस दिसतो. शहरांशहरांतून बेकारांच्या रांगा लागल्या असतांना त्या छापल्या जात होत्या.

१९३२ मध्यें फ्रेडनें इंजिनास हवा कोंबणारें यंत्र, सुपरचार्जर, जोडलें आणि ३२० अश्वबलाची 'एसजे' गाडी तयार झाली. त्याच वर्षीं जुलैच्या आरंभीं असलीच एक गाडी चालवीत तो पेन्सिल्व्हानियांतील डोंगराळ रस्त्यानें येत असतां ती उलटली. दुखापतींतून तो बरा होईल असें वाटत होतें. पण न्यूमोनिया होऊन २६ जुलै रोजीं तो वारला. स्वतःच्या सर्वोत्तम कृतीखालीं सांपडून जाणें हा मृत्यु कादंबरीकारानें कल्पिला असता तर आपण त्यास अतिरंजित म्हटलें असतें. धाकटा ऑगस्ट मागें राहिला. जेन्किन्सची बॉनव्हिलची गाडी सिद्ध केली ती त्यानेंच. १९३७ मध्यें कॉर्डनें आपला हिस्सा विकला आणि ऑबर्न, कॉर्ड व ड्यूझेनबर्ग हीं तिन्हीं नांवें एकदमच बाजारांतून उठलीं. ऑगस्ट १९५५ पर्यंत जगला.

अमेरिकन बोलींत उत्तम वस्तूस 'डूझी' म्हणतात, तो शब्द ह्या गाडीवरून पडला असें पुष्कळ लोक आवडीनें सांगतात. तें खरें नाहीं. तो शब्द ह्या गाडीच्या आधींपासून छापील मजकुरांत सांपडतो. पण लोकांस तसें वाटावें, ह्यांत गाडीचा गौरव आहेच.

कारखाना बंद पडल्यावर ह्या गाड्यांचें काय झालें, हा भाग आम्हांस सर्वांत अधिक महत्त्वाचा वाटतो. राजा गेला म्हणजे राजवाड्याची जी दशा होते तीच झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास, जी गाडी नवी असतांना पंधरा हजार डॉलरांस गेली होती, ती कांहीं शेंकड्यांत मिळूं लागली. फार तेल पिते, दुरुस्तीला माणूस मिळत नाहीं, घराच्या गॅरेजांत मावत नाहीं. कोणी तिचें इंजिन काढून दुसरीकडे वापरलें, कोणी मागचा भाग कापून तिचा ओढ-ट्रक केला. उरलेले सुटे भाग विकण्याचा धंदा ऑबर्न येथील कंपनीच्या कचेरींत पुष्कळ वर्षें चालू होता. १९५२ मध्यें ह्या तिन्हीं गाड्यांच्या शौकिनांनीं आपला क्लब स्थापन केला. आणि १९७४ मध्यें त्याच कचेरींत, १९३० सालीं बांधलेल्या तिच्या सुंदर विक्रीदालनासकट, संग्रहालय उघडलें. आज तेथें गाड्या उभ्या आहेत त्या जागीं पूर्वीं विक्रेते उभे असत.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. बॉडीचा आंतला सांपळा लाकडाचा असे आणि त्यावर ॲल्युमिनियमचा किंवा पोलादाचा पत्रा ठोकलेला असे. लाकूड कुजतें. साठ वर्षें कोठारांत पडलेल्या गाडीचा पत्रा उचलला तर खालीं पुष्कळदां भुसाच निघतो. तेव्हां लाकूड नवें, चामडें नवें, टपाचें कापड नवें, रंग नवा, तारा नव्या. शिवाय गाड्या चालू होत्या त्या काळांतही मालक बॉड्यांची अदलाबदल करीत. आवडती जुनी बॉडी नव्या सांगाड्यावर चढवीत किंवा बंद मोटार विकत घेऊन तिच्यावर उघडी बॉडी बसवीत. उघड्या गाडीस नेहमींच अधिक भाव येतो. म्हणून जीर्णोद्धाराच्या काळांत ही अदलाबदल आणखी वाढली. कित्येक गंभीर, चार दरवाजांच्या बंद गाड्या अशा रीतीनें जगांतून नाहींशा झाल्या आणि त्यांच्या हाडांवर नव्या उघड्या गाड्या उभ्या राहिल्या. क्लबनें ह्यावर जो उपाय काढला तो आम्हांस फार समंजस वाटतो. कोणत्या गाडीचीं मूळ अंगें कितपत एकत्र राहिलीं आहेत, हें नंबरांवरून व कागदांवरून तपासून तो तिचा वर्ग ठरवून देतो. ज्यानें बदल केला त्यास शिक्षा नाहीं. पण बदल झाला हें लिहून ठेवावयाचें.

आमची तक्रार दुसरीच आहे. प्रदर्शनांत ज्या गाड्या ठेवतात त्या कारखान्यांतून निघाल्या त्या दिवसापेक्षांही अधिक झळकतात. पत्र्याचे सांधे अधिक काटेकोर, रंग अधिक खोल, कांचेसारखा. इंडियानापोलिसच्या कामगारानें जी कानस सरळ चालविली नव्हती ती आतां सरळ झाली. ह्याला जीर्णोद्धार म्हणावें कीं शुद्धिपत्र? पोथीचा संपादक लेखकाचें व्याकरण सुधारूं लागला तर आपण त्याला रागावतों. गाडीवर हातानें काम केलेल्या माणसाच्या हाताची खूण पुसून टाकणें हाही त्याच जातीचा अपराध आहे, असें आमचें मत आहे. पेबल बीचच्या परीक्षकांनाही अलीकडे थोडें तसेंच वाटूं लागलें असावें. कारण २०२४ सालीं त्यांनीं सर्वोत्कृष्टतेचा मान १९३४ च्या एका बुगाटी गाडीस दिला, आणि ती जीर्णोद्धार न केलेली, जुन्या रंगाची, ओरखड्यांची गाडी होती. त्या प्रदर्शनाच्या इतिहासांत असें पूर्वीं कधीं झालें नव्हतें.

पैशाचाही येथें संबंध आहेच. १९३५ मध्यें सांगाडा आंखूड करून ड्यूझेनबर्गनें दोनच विशेष उघड्या गाड्या केल्या. त्या गॅरी कूपर व क्लार्क गेबल ह्या दोन सिनेनटांकडे होत्या. त्यांतली कूपरची २०१८ मध्यें लिलांवांत दोन कोटी वीस लाख डॉलरांस गेली. वस्तूस एवढें मोल आलें म्हणजे तिचा इतिहास लिहिणारांस मालकाच्या तोंडाकडे पाहून लिहिण्याचा मोह होतो. म्हणून क्लबाची ती रुक्ष नोंदवही आम्हांस चकचकीत चित्रग्रंथांपेक्षां अधिक मोलाची वाटते.

ड्यूझेनबर्गच्या ह्या इतिहासांत मराठी वाचकांच्या ओळखीचें एक घराणें आहे. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर हे शौकीन व आधुनिक अभिरुचीचे. माणिकबाग राजवाडा त्यांनीं एकार्ट मुथेसियस ह्या तरुण जर्मन शिल्पज्ञाकडून बांधविला आणि ब्रांकूझीच्या मूर्ति विकत घेतल्या. कारखाना अखेरच्या घटका मोजीत असतांना त्यांनीं सुपरचार्जरची एक 'एसजे' गाडी मागविली. सांगाडा इंडियानापोलिसचा, इंजिनाचा नंबर जे-५८५, आणि बॉडी लंडनच्या गर्नी नटिंग कंपनीनें बांधलेली. दोन माणसांची, उघडी, लांबच लांब, रंग काळा व केशरी. ड्यूझेनबर्गच्या सर्वांत देखण्या गाड्यांत तिची गणना करतात, आणि चित्रें पाहून आम्हांसही तें पटतें. अमेरिकेंतील सिनेनटाच्या गाडीचे पैसे तिकिटें काढणाऱ्या प्रेक्षकांनीं आपखुषीनें दिले होते. इंदूरच्या गाडीचे माळव्यांतील रयतेच्या साऱ्यांतून आले, हें मात्र तिच्या चित्राखालीं कोठें छापलेलें आढळत नाहीं.

होळकरांच्या ह्याच गादीवर पूर्वीं अहिल्याबाई बसल्या होत्या. काशीविश्वेश्वराचें देऊळ त्यांनीं १७८० च्या सुमारास नव्यानें बांधविलें, वेरूळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार केला. आणि सोमनाथास मूळ जागेवर भग्नावशेष असतां ते तसेच ठेवून जवळच दुसरें देऊळ उभारलें. त्यांनीं तसें कां केलें ह्याचीं कारणें व्यवहाराचीं असतील, पण परिणाम असा झाला कीं जुनें पडकें आणि नवें चालतें अशीं दोन्हीं लोकांस दीर्घकाळ शेजारीं शेजारीं पाहतां आलीं. मोटारीच्या बाबतींत तसें करतां येत नाहीं. सांगाडा एकच, इंजिन एकच. जेन्किन्सनें रस्त्यावर हिंडविलेली मीटिअर आणि मिठावर धांवलेली मीटिअर ह्या एकाच वेळीं कोणास पाहतां येणार नाहींत. छायाचित्रें काढून ठेवावीं, काढलेला प्रत्येक भाग खुणा करून पेटींत जपावा, एवढेंच हातीं असतें. आणि चांगले कारागीर तें करतात.

इंदूर संस्थान १९४८ मध्यें मध्यभारतांत विलीन झालें, महाराज १९६१ मध्यें वारले. ती काळी-केशरी गाडी ज्या देशांत तिचें इंजिन घडलें होतें त्या देशांत परत गेली.